मोतीचा पिंजरा आणि आपला अतिचार



मागच्या वैशाखात आम्ही सगळे भुसावळला लग्नाला गेलो. मोतीला पिंजऱ्यात घातलं, पाण्याची वाटी ठेवली, घराला कुलूप लावलं. दुपारपर्यंत येऊ म्हणता म्हणता संध्याकाळ झाली. रावेरला परतलो तर वीज गेलेली, पंखा बंद, वाटी उपडी. मोतीच्या तोंडाला फेस आलेला आणि जाळी खरवडून पंजे सोललेले. डॉक्टरांनी वाचवला. पण प्रतिक्रमणाला बसले तेव्हा मन लागेना. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. अहिंसा अणुव्रताच्या या पाच अतिचारांपैकी पहिला आणि शेवटचा मी एकाच दुपारी केला होता.

सासूबाई म्हणाल्या, "पिंजरा भंगारात दे." मला ते पटत नाही. एकटं मोकळं कुत्रं विजेची वायर चावतं, फटीतून निसटून रस्त्यावर गाडीखाली येतं. दोष पिंजऱ्याचा नाही, आपल्या बेफिकिरीचा आहे. आपल्या टीकाकारांनी सांगून ठेवलंय की जनावर बांधावंच लागलं तर गाठ सैल असावी, आग लागली तर त्याला सुटता यावं. आजच्या घरात ही सैल गाठ म्हणजे शेजारच्या काकूंकडे ठेवलेली किल्ली.

बाकीचं आमच्या डॉक्टरांनी समजावलं. पिंजऱ्यात कुत्र्याला ताठ उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. आधी कित्येक दिवस दार उघडं ठेवून आत खाऊ द्यायचा, म्हणजे ते आपणहून जातं. शिक्षा म्हणून कधीच कोंडायचं नाही. गळ्यातला पट्टा काढायचा, नाहीतर जाळीत अडकून फास बसतो. पाण्याचं भांडं जाळीला घट्ट अडकवायचं. मोठं कुत्रं असेल तरी चार तासांवर ठेवायचं नाही, पिल्लाला त्याहून कमी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. म्हणून खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पिंजरा नकोच.

हालचाल करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. पण आपल्याला कायद्याची वाट का बघावी लागावी? पांजरपोळीला देणगी देताना आपला हात आखडत नाही. मग घरातल्या मुक्या जिवासाठी लग्नातून दोन तास आधी उठायला काय हरकत आहे?

आता बाहेर जायचं ठरलं की मी आधी विचारते, किल्ली कुणाकडे? उत्तर नसेल तर कुणीतरी एक जण घरी थांबतं. बहुतेक वेळा मीच.