नशिबाच्या खात्यावर टाकू नका

आमच्या आसेगावात दवाखान्यात गेलेलं माणूस परत आलं नाही, की अंगणात बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "जाऊ द्या बाप्पा, त्याचं तेवढंच होतं." सांत्वनाला हे वाक्य बरं आहे. पण चौकशीही तिथंच संपते.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला माझी मोठी आई गेली. न्हाणीत घसरून पडली, खुबा मोडला. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि पाच रात्री काढून सहाव्या पहाटे ती संपली. त्यातल्या दोन रात्री मी तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपलो होतो. अंग भाजत होतं, म्हणून रुमाल ओला करून कपाळावर ठेवत होतो. नर्सला दोनदा बोलावलं. "सकाळी सर येतील," एवढंच उत्तर मिळालं. पुढे फाइलची झेरॉक्स हातात आली तेव्हा पाहिलं, दोन्ही रात्रींच्या तापाच्या रकान्यात दहा वाजता, दोन वाजता आणि सहा वाजता 98.4 लिहिलेलं. सगळं एकाच शाईत, एकाच हातानं.

ऑपरेशन चुकलं की नाही, हे सांगायला मी डॉक्टर नाही. पण त्या दोन रात्री तिला थर्मामीटर लागला नाही, याला मी साक्षीदार आहे. मग ते आकडे कुठून आले, हे विचारायचा आम्हाला हक्क आहे. तो बजावायचा कसा, हे मी वर्षभर ठेचा खात शिकलो. पुढच्या घराला त्या ठेचा लागू नयेत, म्हणून मुद्दे मांडतो.

1. आधी ठरवा, नेमकं काय चुकलं

रोगी दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असं कायदा मानत नाही आणि आपणही मानू नये. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही माणूस जातो. डॉक्टरवर बरं करण्याची हमी नसते, काळजी घेण्याची जबाबदारी मात्र असते. हे सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केलं. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं आणि उपचारानंतर त्याच दिवशी रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. पुरेशी भूल न देता हाड जोर लावून बसवल्याचा ठपका कोर्टानं कायम ठेवला. भरपाई होती 3,000 रुपये. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावानं तो निकाल आजही दाखवला जातो. रोगी हाती घ्यायचा का, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरनं काळजी घेतली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे.

म्हणून "त्यांनी मारलं" असं लिहू नका. किती वाजता नेलं, कोणी तपासलं, किती वाजता, काय दिलं, आम्ही काय सांगितलं, रेफर कधी केलं, हे लिहा. त्यातूनच प्रश्न तयार होतो.

2. कागद त्याच आठवड्यात मागा

आमचा माणूस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून मंगरूळपीरच्या ग्रामीण रुग्णालयात, मग वाशिमला, आणि तिथूनही रेफर केलं की अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी होते आणि ती पुढच्या दारात जमा होते. शेवटी घरात काहीच उरत नाही. म्हणून चिठ्ठी हातात पडली की मोबाइलवर तिचा फोटो काढा, मगच पुढे द्या.

वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात, की रोग्यानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या नातेवाइकानं मागणी केली तर डॉक्टरांनी 72 तासांत नोंदी दिल्या पाहिजेत. भरती रोग्याच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. तोंडी मागाल तर "नंतर या" ऐकाल. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एका प्रतीवर पोच म्हणून सही, शिक्का, तारीख घ्या. आम्हाला तीन चकरा पडल्या, कारण पहिल्या दोन वेळा आम्ही नुसतं काउंटरवर विचारून परत आलो होतो.

सरकारी दवाखान्यातून माहिती अधिकारातही कागद मागता येतात. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर. फक्त रोग्याशी असलेल्या नात्याचा पुरावा जोडा.

3. शवविच्छेदनाला भिऊ नका

इथं आमची स्वतःची चूक सांगतो. "आता म्हातारीची चिरफाड नको," असं घरातले म्हणाले. सोयाबीन सोंगायला आलेलं, पाहुण्यांना परत जायचं होतं. आम्ही तिला घेऊन आलो आणि दुपारपर्यंत सगळं उरकलं. त्या दुपारी राग होता, दुःख होतं, पण मृत्यूचं कारण सांगणारा एकमेव पुरावा आम्हीच अग्नीला दिला. संशय असेल तर अंत्यविधीआधी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि शवविच्छेदन मागा. तक्रार सरकारी रुग्णालयाविरुद्धच असेल, तर ते दुसऱ्या ठिकाणी करावं, अशीही विनंती करा. आणि बिल बाकी आहे म्हणून कोणी मृतदेह अडवू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

4. फुकटचा दवाखाना म्हणून गप्प राहू नका

"सरकारी आहे, पैसे कुठे दिले आपण?" हा आपल्याकडचा दुसरा मोठा अडसर. त्यासाठी औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा खटला प्रत्येकाला माहीत हवा. 10 जुलै 1963 रोजी एक बाई तिथल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात बाळंत झाली. 13 तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप चढला, पोट दुखू लागलं. 19 तारखेला पोट पुन्हा उघडलं, तर आत टॉवेल राहिलेला. 24 जुलैला ती गेली. पती आणि मुलं कोर्टात गेली. खालच्या कोर्टानं 36,000 रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं ते रद्द केले, आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा कायम केले. पोटात टॉवेल राहणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे आणि कर्मचाऱ्यांच्या चुकीची भरपाई सरकारनं द्यायची, असा हा अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकाल.

याला 33 वर्षं लागली, हेही लपवत नाही. ते बाळ तिशी ओलांडून गेलं तेव्हा आईच्या मृत्यूचं उत्तर आलं. पण त्या घरानं हार मानली असती, तर आज सरकारी रुग्णालयाविरुद्ध उभं राहणाऱ्या कोणाच्याही हातात हा निकाल नसता.

5. दार कोणतं, ते ओळखा

चुकीच्या दारावर गेलेला अर्ज फिरत राहतो. आरोग्य केंद्राविषयी तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, पुढे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयाविषयी जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असेल तर अधिष्ठात्यांकडे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथंही अर्ज देता येतो.

खासगी दवाखान्यासाठी महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार होते. भरपाईसाठी वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार सगळ्यांना मोफत सेवा देणारं रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहतं. केसपेपरचे दोन रुपये दिले म्हणून आपण ग्राहक ठरत नाही. पण काही रोग्यांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयातला मोफत रोगीही ग्राहकच. जिथं ग्राहक आयोग चालत नाही, तिथं दिवाणी कोर्ट आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

6. गुन्हा दाखल करणं हा पहिला मार्ग नाही

2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानं सांगितलं, की फौजदारी खटल्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये अशा गुन्ह्यात डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे. प्रकरण तसं असेल तर जरूर जा. पण तडजोडीचे पैसे काढण्यासाठी पोलिसांची भीती घालू नका. पाकीट घेऊन परत आलेल्या घरानं प्रश्नही तिथंच विकलेला असतो.

7. काच फोडू नका

महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला किंवा दवाखान्याची तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, शिवाय नुकसानीच्या दुप्पट वसुली. आपण तक्रारदार असतो, एका दगडानं आरोपी होतो. आणि चार गावांना तोच दवाखाना असेल, तर त्या रात्रीचा पुढचा रोगी कुठे जाणार?

अपमान करणं म्हणजे जाब विचारणं असंही समजू नका. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 च्या दरम्यान 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं होती. दोन दिवसांनी एका खासदारानं तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. त्याचे व्हिडिओ गावोगाव फिरले. बाळं का गेली, याचं उत्तर त्या व्हिडिओत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन सरकारला मनुष्यबळाचा आणि औषधांचा हिशेब विचारला, तो खरा जाब.

8. नर्सपाशी थांबू नका

ज्या नर्सनं 98.4 लिहिलं, तिच्याकडे त्या रात्री दोन मजले होते. जिना चढता-उतरताना तिला धाप लागलेली मी पाहिली आहे. खोटी नोंद ही तिची चूक, पण तिला एकटीला दोन मजले देणाऱ्याचं नाव फाइलमध्ये कुठेच नाही. म्हणून आमच्या तक्रारीत आम्ही तिचं नाव पुढे केलं नाही. रात्रपाळीला किती कर्मचारी होते आणि जबाबदार डॉक्टर कोण, हे विचारलं.

सरकारी ठिकाणीही हेच. "डॉक्टरची जागा रिकामी आहे" हे उत्तर शेवटचं मानू नका. 1996 मध्येच पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की तातडीचा उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालत नाही. जागा कधीपासून रिकामी, भरण्यासाठी कोणी पत्र लिहिलं, हे पुढचे प्रश्न.

9. एकटं जाऊ नका

दुःखातल्या घराला एकट्यानं साहेबापुढे उभं राहणं जड जातं. त्यासाठी गाव आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, आरोग्य केंद्राची रुग्णकल्याण समिती आहे. 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, शेजारच्या अमरावतीसह पाच जिल्ह्यांत. लोकांनी जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून प्रश्न विचारले. बाळंतपणात बाई गेली तर तिच्या मृत्यूचं परीक्षण करावंच लागतं. त्यात घरच्यांचं म्हणणं नोंदवून घ्या, असा आग्रह धरा.

आसेगावच्या ग्रामसभेपुढे माझ्या तीनच मागण्या आहेत. तक्रार कोणाकडे करायची, ते आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पदनाम आणि फोनसह लिहा. दर ग्रामसभेत आरोग्यावर अर्धा तास ठेवा, त्यात मागच्या तक्रारीचं काय झालं ते सांगा. आणि गावात कोणी दवाखान्यात गेलं, तर अर्ज लिहून देणारी आणि सोबत जाणारी दोन माणसं ठरवा.

आमच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. त्याची पोच मोठ्या आईच्या ट्रंकेत, तिच्या रेशनकार्डाशेजारी ठेवली आहे. त्याच ट्रंकेवर आता एक दोनशे पानी वही असते. घरातलं कोणीही आजारी पडलं की वही पिशवीत जाते आणि गाडी सुरू होण्याआधी पहिली ओळ लिहिली जाते: तारीख, नाव, घरातून निघालो तेव्हा किती वाजले, अंगात ताप किती होता.