शाल-श्रीफळ झाले, आता ऐकून घ्या

दरवर्षी १६ डिसेंबरला आमच्या कोरेगाव तालुक्यात कुठे ना कुठे माजी सैनिकांचा सत्कार असतो. पाहुणे देशभक्तीवर बोलत राहतात आणि ज्याने युद्ध पाहिले तो मांडीवर नारळ धरून, फेटा सावरत ऐकत बसतो. माइक त्याच्याकडे येईपर्यंत मांडववाल्याला घाई झालेली असते. वेळ मिळालाच, तर आमचे फौजी व्यासपीठावर पलटणीतली हिंदी चार वाक्ये बोलतात, 'जय हिंद' म्हणतात आणि खाली बसतात.

मी हवालदाराची मुलगी, निवृत्त शिक्षिका. हल्ली आळीतल्या फौजींकडे जाऊन त्यांचे बोलणे मोबाइलवर घेते. शेजारचे आबा १९७१ मध्ये पहिल्या मराठा पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. या पलटणीने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात लढलेल्या जमालपूरच्या लढाईविषयी छापून आलेल्या मजकुरात एक गोष्ट हमखास असते : ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूच्या कर्नलला शरण येण्याविषयी चिठ्ठी धाडली आणि त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. आबांना हे फार नंतर कळले. त्यांना आठवते ते ब्रह्मपुत्रेचे गार पाणी, ओल्या बुटांनी सुजलेले पाय, खिशातले शकरपारे आणि १० डिसेंबरच्या रात्री अंधारातून चालत आलेली माणसे. ती आपली की त्यांची, एवढे कळायला गेलेला वेळ आबा अजून मोजतात. तिथून पुढचे ते अगदी हळू सांगतात, आणि सातारीत.

"नुसतं त्यांलाच काय इचारताय, बाई?" आबांच्या पत्नी, आमच्या काकू, मध्येच म्हणाल्या. त्यांचेही रेकॉर्डिंग केले. पत्रावर पत्ता फक्त ९९ एपीओ, माणूस कुठल्या मुलखात आहे याचा पत्ता नाही. डिसेंबरात पत्रच आले नाही. सासूबाई पोस्टमनला लांबून येताना पाहून घरात निघून जायच्या, कारण तार घेऊन येणाराही तोच. माझ्या मते काकूंचे हे बोलणेही त्या युद्धाचाच इतिहास आहे.

संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण ठरवले की युद्धाची कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी खुली करावीत. उत्तमच. पण पलटणीच्या रोजनाम्यात सुजलेले पाय येत नाहीत. अमेरिकेने २००० साली कायदाच करून आपल्या माजी सैनिकांच्या आठवणी नोंदवण्याचे काम लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवले. मुलाखत निदान अर्ध्या तासाची हवी, एवढी साधी अट. ती घरचा माणूसही घेऊ शकतो. आमच्या जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांची शिळा गावात आहे. जे परतले त्यांनी काय पाहिले, हे त्यांच्या तोंडून ऐकायची सोय तेव्हा गावात नव्हती. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हाताऱ्या माणसाची आठवण चुकते, तारखा इकडच्या तिकडे होतात, थोडी फोडणीही बसते. बसू द्या. बोलताना टोकू नये. तारीख नंतर तपासून शेजारी लिहावी. जिथे ते थांबतील तिथे आपणही थांबावे, उकरू नये. शौर्याचेच विचारू नका. भरतीच्या दिवशी घरी काय सांगून निघालात, पहिल्या मनिऑर्डरचे काय झाले, सुट्टीवर आल्यावर झोप लागायची का, हे विचारा. काही भाग आपल्या माघारीच उघडावा असे कुणी म्हटले, तर तो शब्द पाळा.

१९७१ मध्ये विशीत असलेला शिपाई आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. माजी सैनिकांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे असते, आणि एनसीसीची मुले महाविद्यालयांकडे. त्या कार्यालयाने फौजींना विचारून यादी द्यावी, प्राध्यापकांनी या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गावोगाव पाठवावे आणि ध्वनिफितींची एक प्रत घरच्यांना, एक जिल्हा ग्रंथालयाला द्यावी. गावात १९६२ ची लढाई पाहिलेले कुणी आजोबा असतील, तर आधी त्यांच्याकडे जा.