ड्रायरचा आवाज आणि शंभर रुपये

यंदा जुलैमध्ये आमच्या घरचा ड्रायर ओरडायला लागला. ड्रायर म्हणजे गरम हवेने कपडे सुकवणारं मोठं यंत्र नव्हे. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमधला तो छोटा टब, ज्याला आपण सगळे ड्रायरच म्हणतो. तो कपडे सुकवत नाही, जोरात फिरवून पाणी तेवढं काढतो. पण गोव्यात जून ते सप्टेंबर तेवढंही पुष्कळ असतं. तो बंद पडला की जीन्स चार दिवस पडवीतल्या दोरीवर लोंबते आणि पाचव्या दिवशी तिला कुबट वास येतो.

आवाज असा की शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, "काय दळताय काय?" घरात निर्णय लगेच झाला. मशीन सात वर्षं वापरलं, आता चवथीच्या ऑफरमध्ये नवीन घेऊया. १३ हजारांचं एक मॉडेल पसंतही पडलं. किंमत जास्त आहे असं कुणी म्हटलं नाही.

आजी मात्र अडून बसली. "आधी दाखवा तरी कुणाला!" म्हणून बाजारातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने आल्या आल्या स्क्रू-ड्रायव्हर काढला नाही. रिकामा टब फिरवला, ऐकलं. झाकण उघडलं, बंद केलं, परत ऐकलं. मग मागचं कव्हर काढलं. या मशीनमध्ये झाकण बंद केलं की एक वायर ताणली जाते आणि ब्रेक बाजूला सरकतो. झाकण उघडलं की वायर सैल पडते, ब्रेक लागतो आणि टब थांबतो. आमची वायर जुनी होऊन लांबली होती. त्यामुळे झाकण बंद असतानाही ब्रेक घासत होता. त्याने वायर बदलली, मोटर आणि टब जोडणाऱ्या कपलिंगचा बोल्ट आवळला. वीस मिनिटांत मशीन गप्प.

"चारशे द्या काकी."

"एका वायरचे चारशे? तीनशे घे."

तो काही बोलला नाही. तीनशे घेतले आणि भर पावसात स्कूटर काढून गेला.

त्या शंभर रुपयांवरच मला लिहायचं आहे. १३ हजार द्यायला आपण तयार होतो, तेही घासाघीस न करता. ते वाचवणाऱ्या माणसाचे शंभर मात्र कापले. का? कारण आपण वायरचे पैसे मोजले, कानाचे मोजले नाहीत. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकतो तेव्हा आपण फी विचारून देतो. मेकॅनिक ऐकतो तेव्हा ते आपल्याला कामच वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, मेकॅनिक फसवतात. बरोबर आहे, काही फसवतात. "मोटर गेली" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण त्यावर उपाय म्हणजे मशीन फेकणं नव्हे, थोडं स्वतः ऐकायला शिकणं. सगळं मशीन धडधडत हलत असेल तर बहुतेक वेळा कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात, नाहीतर मशीनचा एक पाय जमिनीला टेकलेला नसतो. टब फिरताना खडखड येत असेल तर खिशातलं नाणं किंवा बटण खाली गेलेलं असू शकतं. घासल्यासारखा कर्कश आवाज आला की संशय ब्रेकवर. नुसतं गुणगुणतं आणि फिरत नाही, तर कपॅसिटर गेलेला असू शकतो, किंवा काहीतरी अडकलेलं असतं. टबाखालचं रबरी सील फाटलं की पाणी खाली झिरपतं, गंज चढतो आणि घरघर वाढत जाते. यातलं कपडे सारखे पसरणं आणि पाय समतल करणं कुणालाही जमेल. मागचं कव्हर मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहू शकते. पण आवाज नीट सांगता आला, तर समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही हे थोडंफार कळतं.

प्रत्येक मशीन वाचतंच असं नाही. मोटरही गेली आणि खालचा पत्राही गंजून गेला, तर नवीन घेणंच शहाणपणाचं. पण हे ठरवायचं ते उघडून पाहिल्यावर, ऑफर पाहिल्यावर नव्हे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. चांगलंच झालं. पण दुरुस्ती करणारा माणूसच धंदा सोडून गेला, तर हा हक्क घेऊन आपण जायचं कुणाकडे? आमच्या वर्गात किती जणांना वाटतं की आपण मेकॅनिक व्हावं? हात वर होणार नाहीत, आणि त्याला कारण आपणच आहोत.

१९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामगार संत जोसेफ यांच्या सणाचा ठरवला. संत जोसेफ सुतार होते. त्यांची तसबीर लावून हार घालणं सोपं आहे. आपल्या दारात हत्यारांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याने सांगितलेली मजुरी देणं जास्त कठीण जातं, हे मी आमच्याच घरात पाहिलं. मीही तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो.

म्हणून वाचक मित्रांनो, सांगणं एवढंच. मशीन ओरडलं तर आधी ऐका. मग जाणत्याला बोलवा. आणि त्याचं काम झालं, की त्याने सांगितलेले पैसे पूर्ण द्या. आमच्याकडून शंभर रुपये येणं आहेत, ते चवथीच्या बाजाराला जाईन तेव्हा मी देऊन येणार आहे.