वसंतातील हिमवाटा : निर्मळ आकाशाचा फसवा दिलासा

बंगळूरु : उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की बंगळूरुतील नोकरदार तरुणांचे गट हिमालयाकडे निघतात. हिवाळा संपला म्हणजे हिमाचा धोकाही ओसरला, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. मार्च ते जून या काळात उंचावरील खिंडींमध्ये हिमाचे जाड थर शिल्लक असतात. धोका सरत नाही, त्याचे स्वरूप तेवढे बदलते.

हिमालयातील बिघडलेल्या हवामानाची किंमत या शहराने जून २०२४ मध्ये मोजली आहे. उत्तरकाशी जिल्ह्यातील सहस्रतालच्या पदभ्रमणासाठी २९ मे रोजी निघालेल्या २२ जणांच्या चमूत बहुसंख्य कर्नाटकातील होते, एक जण महाराष्ट्रातील, तर तिघे स्थानिक वाटाडे होते. ३ जून रोजी परतीच्या वाटेवर हा चमू हिमवादळात सापडला आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. उर्वरित १३ जणांच्या सुटकेसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत घ्यावी लागली. समन्वयासाठी कर्नाटकचे महसूल मंत्री कृष्ण बैरे गौडा डेहराडूनला गेले होते. ही दुर्घटना हिमस्खलनाची नव्हती. मात्र हवामान बिघडण्यापूर्वी परत फिरण्याचा निर्णय कोणी आणि केव्हा घ्यायचा, हा तिने पुढे आणलेला प्रश्न हिमस्खलनालाही तितकाच लागू पडतो.

वसंतातील हिमस्खलन बहुधा उन्हाच्या तालावर चालते. निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग गोठून घट्ट होतो आणि पहाटे त्यावरून चालणे तुलनेने सुरक्षित असते. सूर्य वर येताच वितळलेले पाणी थरांमध्ये झिरपते, थरांची एकमेकांवरील पकड सुटते आणि दुपारपर्यंत संपूर्ण उतार घसरू शकतो. रात्र ढगाळ किंवा उबदार गेली, तर हिम गोठतच नाही. अशा वेळी सकाळही भरवशाची राहत नाही. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे मानले जातात. ताज्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस आणि हिमावर पडलेला पाऊस हा धोका आणखी वाढवतात.

अलीकडच्या दोन घटना याबाबत बोलक्या आहेत. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममधील नाथू ला मार्गावर दुपारच्या सुमारास हिमस्खलन होऊन सात पर्यटक दगावले. पर्यटक परवानगीच्या हद्दीपलीकडे गेल्याचे प्रशासनाने तेव्हा सांगितले होते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधील माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. तेथील ५४ कामगारांपैकी ४६ जणांना वाचवण्यात यश आले, आठ जण मृत्युमुखी पडले. चंडीगडच्या संरक्षण भूमाहिती संशोधन आस्थापनेने त्या भागासाठी आदल्या सायंकाळीच हिमस्खलनाचा इशारा दिला होता.

म्हणजे इशाऱ्याची यंत्रणा देशात आहे. अडचण इशारा आणि निर्णय यांतील अंतराची आहे. आस्थापनेचा इशारा जिल्हा आणि उंचीनुसार, पुढील काही तासांसाठी असतो. याउलट बंगळूरु किंवा पुण्यातून निघणाऱ्या गटाचे वेळापत्रक कित्येक आठवडे आधी ठरते. रजा मोजकी, परतीचे विमान निश्चित आणि पैसे भरलेले. राखीव दिवस नसला की खराब हवामानातही पुढे जाण्याचे दडपण वाटाड्यावर येते. सह्याद्रीत घडलेल्या भटक्यांना कातळ आणि पाऊस ओळखता येतो, परंतु हिमाचा उतार वाचण्याचा सराव त्यांना नसतो.

त्यामुळे नोंदणीपूर्वीच काही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. कार्यक्रमात राखीव दिवस आहे काय? परत फिरण्याची वेळ ठरलेली आहे काय आणि तो अंतिम शब्द कोणाचा? दररोजचा इशारा चमूपर्यंत कसा पोहोचणार? वाटेत पाय पोटरीपर्यंत रुतू लागणे, हिमाचे गोळे आपोआप घरंगळणे, पायाखाली धप्प असा आवाज होणे किंवा भेगा पडणे ही माघारीची चिन्हे होत. संशयास्पद उतार टाळणे उत्तम. तो ओलांडणे अपरिहार्यच असेल, तर एका वेळी एकानेच जावे आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे.

गाडल्या गेलेल्या व्यक्तीसाठी पहिली दहा-पंधरा मिनिटे निर्णायक असतात. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. दुर्गम खिंडीत एवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचणे जवळपास अशक्य आहे. म्हणूनच ट्रान्सीव्हर, हिमात खुपसून चाचपण्याची लांब सळई आणि फावडे ही साधने सोबत्यांकडेच हवीत आणि ती वापरण्याचा सरावही हवा.

तथापि, साधनांनी धोका टळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावरील हिमस्खलनाने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींचा आणि प्रशिक्षकांचाही बळी घेतला होता. जाणकारांचीही जेथे अशी गत होते, तेथे हौशी पदभ्रमकांच्या हाती सर्वांत खात्रीचा उपाय एकच उरतो. तो म्हणजे माघारीसाठी एक जादा दिवस, आणि त्याची तरतूद घर सोडण्यापूर्वीच करावी लागते.