मांडीवरचं मूल काय पाहतंय?

लहान मुलं आणि टीव्ही हा विषय निघाला की आपल्या घरांत चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एकजण म्हणतो, टीव्हीनंच मुलं बिघडली. दुसरा म्हणतो, आम्हीही ‘टॉम अँड जेरी’ आणि ‘शक्तिमान’ बघूनच मोठे झालो, आमचं काय बिघडलं? दोघंही एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे मुलाचं वय. दहा वर्षांच्या मुलानं मारामारी बघणं आणि दोन वर्षांच्या मुलानं बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे आपण बोलतोय ते नुकतंच चालायला लागलेल्या, अजून धड शाळेतही न गेलेल्या, साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांबद्दल. त्यांना हिंसक कार्यक्रम दिसू द्यावेत का? आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण हे ‘नाही’ मुलांना सांगायचं नसून घरातल्या मोठ्यांना सांगायचं आहे. ते का, हे समजून घेऊ.

आधी या वयाच्या मुलाला पडदा कसा दिसतो ते पाहू. १९९० साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना टीव्हीवर पॉपकॉर्नचं भांडं दाखवलं आणि विचारलं, टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडतील का? चार वर्षांची मुलं ‘नाही’ म्हणाली. तीन वर्षांच्या मुलांपैकी अनेकांचं उत्तर होतं, ‘हो, सांडतील.’ ज्या मुलाला पडद्यातले पॉपकॉर्न खरे वाटतात, त्याला पडद्यातलं रक्त, किंचाळी आणि पडलेला माणूस खोटा कसा वाटेल? ‘अरे, ते फक्त अ‍ॅक्टिंग आहे’ हे आपलं वाक्य त्याच्यासाठी अर्थहीन असतं.

याहून लहान मुलांचंही तेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना टीव्हीवर एक बाई एका वस्तूकडे बघून घाबरताना दाखवली. नंतर तीच वस्तू समोर ठेवली, तेव्हा बाळं तिच्यापासून लांब राहिली. ज्याला अजून चार शब्द बोलता येत नाहीत, ते मूलही पडद्यावरच्या चेहऱ्यावरची भीती वाचतं आणि त्यावरून आपलं वागणं ठरवतं. ‘त्याला काय कळतंय’ असं म्हणून आपण बातम्या लावतो, तेव्हा हे लक्षात असू द्यावं. गोष्ट त्याला कळत नाही, पण भीती कळते.

अनुकरणाचा मुद्दा सर्वांना माहीत असलेला आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर केलेला ‘बोबो बाहुली’चा प्रयोग अनेकांनी अभ्यासक्रमात वाचला असेल. मोठ्या माणसाला बाहुलीला बुक्के मारताना, हातोड्यानं ठोकताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तेच केलं, बरेचदा हुबेहूब. १९६३ साली त्यांनी हाच प्रयोग पडद्यावर दाखवून केला. प्रत्यक्ष माणूस असो, चित्रफीत असो वा कार्टूनसारखं पात्र असो, मुलांनी उचललंच. या प्रयोगावर आक्षेपही आहेत. बोबो बाहुली मारण्यासाठीच बनवलेली असते, आणि प्रयोगशाळेतल्या काही मिनिटांवरून आयुष्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. हे आक्षेप रास्त आहेत. म्हणून ‘कार्टून बघणारं मूल उद्या गुंड होईल’ असं आम्ही म्हणणार नाही. घरातली मारहाण, गरिबी, शेजार, शाळा या सगळ्याचा वाटा टीव्हीपेक्षा मोठा असू शकतो. पण उद्याचा गुन्हेगार हा मुद्दाच नाही. आजची झोप, आजची भीती, आज भावंडाला मारलेली चापट, हा मुद्दा आहे.

आणि त्यावर उपाय चालतो, याचा पुरावा आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये डिमिट्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची मुलं असलेल्या ५६५ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पालकांना टीव्ही बंद करा असं सांगितलं नाही. निम्म्या घरांना एवढंच सांगितलं, की मारामारीच्या कार्यक्रमांच्या जागी ‘सेसमी स्ट्रीट’, ‘डोरा’ यांसारखे, एकमेकांना मदत करायला शिकवणारे कार्यक्रम लावा आणि जमेल तेव्हा सोबत बसा. सहा महिन्यांनी या मुलांच्या वागण्यात फरक दिसला, वर्षानंतरही तो टिकला. तो फार मोठा नव्हता, पण सर्वाधिक फायदा झाला तो गरीब घरांतल्या मुलग्यांना. आपल्या वस्त्यांसाठी यापेक्षा उपयोगी बातमी कोणती?

मिनिटांचा हिशेबही सांगून ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण हाच आहे. तो पाळावाच. पण मिनिटं मोजताना एक चूक होते. आपण मुलाचे कार्यक्रम मोजतो, घरातल्या टीव्हीचे तास मोजत नाही.

या वयाच्या मुलाला हिंसा दिसते ती फक्त ‘छोटा भीम’मधून नाही. भीम लाडू खाऊन चार गुंडांना हवेत भिरकावतो, त्यावरही बोलायला हवं. मारलं की प्रश्न सुटतो, लागलेलं कुणालाच दुखत नाही आणि वर सगळे हसतात, हा धडा या वयात नकोच. पण आपल्या घरांत मूल जागं असताना याहून जास्त काय चालू असतं? दादीची मालिका, त्यातली थप्पड आणि कारस्थान. रात्री ‘सीआयडी’ किंवा ‘क्राइम पेट्रोल’. सुटीच्या दुपारी दक्षिणेकडचा डब केलेला चित्रपट, ज्यात नायक कोयता घेऊनच प्रवेश करतो. आणि बातम्या, म्हणजे सहा खिडक्यांतून एकमेकांवर ओरडणारी माणसं. मूल ‘बघत’ नसतं, खेळत असतं, असं आपण म्हणतो. २००८ सालच्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना मागे मोठ्यांचा साधा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला होता. मुलं त्याकडे फारसं बघत नव्हती, तरी त्यांचं खेळणं तुटक झालं, एका खेळण्यात रमणं कमी झालं. प्रश्नमंजूषेनं हे होत असेल तर गोळीबाराच्या आवाजाचं काय?

आता मोबाइल. मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून हे थोडं सविस्तर सांगतो. पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे ठरवणारी यंत्रणा मुख्यतः एक गोष्ट बघते: आधीचा व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला. मोठा माणूस नको ते पुढे ढकलतो, बंद करतो, नापसंती नोंदवतो. दोन वर्षांचं मूल यातलं काही करत नाही. ते घाबरलं तर गोठून बघत राहतं. यंत्रणेच्या हिशेबात आनंदानं बघणं आणि भीतीनं बघणं सारखंच असतं. दोन्हींची नोंद ‘पूर्ण पाहिला’ अशीच होते, आणि तसाच पुढचा व्हिडिओ येतो. २०१७ साली जगभर जो गदारोळ झाला, तो यातूनच. एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग अशा ओळखीच्या पात्रांना मारहाणीत आणि भयानक प्रसंगांत दाखवणारे असंख्य व्हिडिओ मुलांपर्यंत पोचत होते, काही तर ‘यूट्यूब किड्स’मध्येही. कंपनीनं नंतर वाहिन्या काढल्या, नियम बदलले. पण यंत्राला मुलाचा चेहरा वाचता येत नाही, ही मूळ गोष्ट बदललेली नाही. तो घरातल्या माणसालाच वाचावा लागतो.

लेबलावरही विसंबून चालत नाही. ‘इस्लामी कार्टून’ असं नाव असलं की अम्मी निश्चिंत होते. त्यातले बरेच गोड असतात, दुआ आणि अदब शिकवतात. पण कबरीतला अजाब आणि जहन्नमची आग रंगवून दाखवणारेही व्हिडिओ त्याच यादीत येतात. तीन वर्षांच्या मुलाला आगीचं चित्र दाखवून ईमान येत नाही, रात्री अंथरुणात भीती येते. पौराणिक युद्धांच्या कार्टूनलाही हेच लागू आहे. मजकूर कोणत्याही धर्माचा असो, मापदंड एकच हवा.

सर्वांत अवघड मुद्दा आता येतो. ऑक्टोबर २०२३ पासून गाझातली दृश्यं आपल्या मोबाइलवर येत राहिली. ढिगाऱ्यातून काढलेली मुलं, कफनात गुंडाळलेली बाळं. त्याआधीपासून झुंडबळीचे व्हिडिओ कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरत होतेच. हे बघणं, त्याकडे पाठ न फिरवणं, ही आपल्यातल्या अनेकांना नैतिक जबाबदारी वाटते. ती भावना खरी आहे आणि तिचा आदर आहे. पण ती जबाबदारी तीस वर्षांच्या माणसाची आहे, त्याच्या मांडीवरच्या दोन वर्षांच्या मुलाची नाही. त्या मुलाला देश, युद्ध, अन्याय यांपैकी काही कळत नाही. त्याला आपल्याएवढं एक मूल रडताना दिसतं आणि आपले अब्बू हादरलेले दिसतात. आठ-दहा वर्षांचं मूल प्रश्न विचारतं, त्याला वयाला साजेसं खरं उत्तर द्यायलाच हवं. दोन वर्षांचं मूल विचारत नाही, फक्त बिलगतं. जगाचं क्रौर्य त्याला पुढे कळणारच आहे. ते समजून घ्यायची ताकद यायच्या आधीच ते त्याच्या अंगावर टाकू नये. ते मूल झोपल्यावर बघा, किंवा वाचा. वाचल्यानं साक्षीदारपण कमी होत नाही.

कायदा काय करतो? केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की मुलं मोठ्या संख्येनं बघत असतात त्या वेळेत मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत. जानेवारी २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना रक्त, मृतदेह आणि मारहाणीची दृश्यं तशीच दाखवू नका अशी ताकीदही दिली. ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांनी ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘१३+’, ‘१६+’ आणि ‘ए’ असे गट केले. पण सातच्या खाली वेगळा गट नाही. दीड वर्षाचं बाळ आणि सहा वर्षांचा मुलगा ‘यू’ या एकाच खणात. शाळेआधीच्या वयासाठी वेगळी खूण असावी, ही मागणी आपण करायला हवी. आणि टीव्हीवर उघड भंग दिसला तर तक्रार करायला हवी. त्यासाठी वाहिन्यांच्या संघटनांनी नेमलेली मंडळं आहेत.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे: हा लेख आयांना दोष द्यायला नाही. मुंब्र्यात, भिवंडीत, मालेगावात एका खोलीत सहा माणसं राहतात. टीव्हीला वेगळी खोली नाही, मुलाला अंगण नाही. आई स्वयंपाक आटोपून मजुरीवर शिलाई किंवा भरतकाम करते आणि मूल गप्प राहावं म्हणून मोबाइल देते. तिला उपदेश करणं सोपं आहे. तिच्याकडून मूल दोन तास घेणं अवघड आहे, आणि तेच काम घरातल्या तरुणांचं आहे. चाचा, मामू, खाला, मोठा भाऊ, तुम्हीच हे वाचताय. मोबाइलची सेटिंगही तुम्हालाच येते.

तेव्हा करायचं काय, ते सरळ सांगतो. मूल जागं असताना त्या खोलीत बातम्या, गुन्ह्यांच्या मालिका आणि मारामारीचे चित्रपट बंद. दादीला मालिका हवी असेल तर त्या वेळात मुलाला बाहेर फिरवून आणा, भांडण नको. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. दूरच्या नानीशी व्हिडिओ कॉल चालेल. त्यापुढे दाखवायचंच असेल तर ‘यूट्यूब किड्स’मध्ये फक्त तुम्ही मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, ती लावा. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं बंद करा. निवडताना एक साधी कसोटी वापरा: यात कुणाला लागलं तर त्याला दुखतं का, आणि कुणी त्याची विचारपूस करतं का? आणि नको ते दिसलंच तर ओरडू नका. जवळ घ्या, ‘त्याला लागलं, तो रडला, आपण असं मारत नाही’ एवढं बोला.

घराबाहेरही काम आहे. मोहल्ल्यातली अंगणवाडी उघडी असते का, तिथे खेळणी आहेत का, नगरपालिकेच्या बागेत लहानग्यांसाठी कोपरा आहे का, हे नगरसेवकाला विचारा. मुलाच्या हातातून मोबाइल काढून घ्यायचा तर त्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. चेंडू, वाळू, वाटी-चमचा, किंवा तुमचं बोट. यातलं शेवटचं आज संध्याकाळपासूनच देता येईल.