पाळकसाहेब, आधी ऐका

उपासना संपते, मंडळी पांगते, आणि एखादा तरुण बाकावरच बसून राहतो. मग पाळकसाहेबांना हळूच सांगतो, "मला मुलींची नाही, मुलांची ओढ वाटते." पाळक त्यावर काय बोलतात, यावर त्याचं मंडळीतलं पुढचं आयुष्य ठरतं.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही ओढ 'बदलण्याचे' उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. डॉक्टरांना जे वर्ज्य, ते उपास-प्रार्थनेच्या नावाखाली आपण का करावं?

विवाहाबद्दल चर्चेसमध्ये मतभेद आहेत आणि ते इतक्यात मिटणार नाहीत. पण पाळकाचं पहिलं काम निवाड्याचं नाही. ऐकून घ्यायचं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं. वडीलमंडळींच्या सभेतही ते निघता कामा नये. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा सल्ला तर क्रूरच आहे, त्यात एका मुलीचाही बळी जातो.

पाळकबंधूंनो, आईवडिलांशी बोलायचं तर त्याच्या संमतीनेच बोला. आणि त्याला प्रभुभोजनापासून, गायकवृंदापासून तोडू नका.