जेट्टी बांधाल, पण गाळाचे काय?
कल्याणच्या खाडीतील जलमार्गाचे भवितव्य बांधकामावर नव्हे, देखभालीवर अवलंबून

विशेष प्रतिनिधी, विठ्ठलवाडी

कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्गाला राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळून दशकभराचा काळ लोटला. राष्ट्रीय जलमार्ग कायदा १२ एप्रिल २०१६ रोजी अमलात आला आणि देशातील जलमार्गांची संख्या एका झटक्यात पाचावरून १११ वर गेली. त्यात उल्हास नदी व वसई खाडीतून जाणारा हा सुमारे १४५ किलोमीटरचा मार्ग ५३ व्या क्रमांकावर आहे. त्यानंतर कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, मीरा-भाईंदर अशी जेट्टींची नावे चर्चेत आली, सागरमाला योजनेतून निधीची घोषणाही झाली. वसई-भाईंदर दरम्यानची रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मात्र कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात मालवाहू बार्जची नियमित वाहतूक अद्याप कागदावरच आहे. ती का नाही, आणि उद्या आलीच तर टिकेल का, याचा विचार जेट्टीच्या भूमिपूजनापूर्वी व्हायला हवा.

हा प्रश्न केवळ नौकानयनाच्या हौशीचा नाही. न्हावाशेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बाह्यवळण आणि माणकोली या एकाच चिंचोळ्या वाटेने धावतात. मुंब्रा बाह्यवळण रस्ता २०१८ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला तेव्हा ठाणे, ऐरोली, कळवा आणि कल्याण-शिळ रस्त्यावरील नागरिकांचे कसे हाल झाले, हे आजही अनेकांच्या स्मरणात असेल. २०२३ मध्ये पुन्हा दुरुस्ती निघाली आणि पुन्हा तोच अनुभव आला. या गोदामांपैकी कित्येक काल्हेर, कशेळी, अंजूर या खाडीकाठच्या गावांत आहेत. म्हणजे पाणी दाराशी आहे, आणि माल मात्र ट्रकच्या रांगेत अडकला आहे.

बंदराचे वैभव आणि वाळूचा बार्ज

कल्याणला जलवाहतूक नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नोंद आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात घेतल्यानंतर मराठ्यांच्या आरमाराची पायाभरणी याच खाडीत झाली. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली आणि गलबतांचा माल हळूहळू रुळांवर गेला. पुढे दीडशे वर्षांत खाडीकडे शहराने पाठ फिरवली.

अलीकडच्या काळात या पाण्यात बार्ज दिसले ते प्रामुख्याने वाळूचे. संक्शन पंप लावून दिवसरात्र चाललेल्या रेतीउपशाने खाडीचा तळ ठिकठिकाणी खरवडला गेला, तिवरांचे किनारे ढासळले, रेल्वे पुलांच्या खांबांभोवतीची माती सरकण्याची भीती निर्माण झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये वाळूउपशावर निर्बंध घातले. तरीही महसूल खात्याच्या छाप्यांत बार्ज आणि पंप नष्ट केल्याच्या बातम्या येतच राहिल्या. या उपशामुळे खाडी खोल झाली, मग जलमार्गाला अडचण ती काय, असा युक्तिवाद कोणी करील. तो फसवा आहे. नौकेला सलग, सारख्या खोलीची वाट लागते. एका ठिकाणी खोल खड्डा आणि पुढे उथळ चिखलाची पाठ असेल, तर नौकेच्या दृष्टीने त्या मार्गाची खोली त्या पाठीइतकीच.

पाणी असते तेव्हा पूल आडवा

अंतर्देशीय जलवाहतुकीचे गणित साधे आहे. पाण्यावर ओढलेला माल रस्त्यावरील मालापेक्षा कमी इंधनात जातो. अमेरिकेच्या मिसिसिपी नदीवर एक टगबोट एकमेकांना जखडलेले १५ बार्ज ढकलत नेते. प्रत्येकात सुमारे दीड हजार टन, म्हणजे एका खेपेत साडेबावीस हजार टन माल. तेवढ्यासाठी रस्त्यावर शेकडो ट्रक लागतील. हे आकडे आपल्याकडच्या सादरीकरणांत नेहमी दिसतात. त्यांच्यामागची व्यवस्था मात्र क्वचितच दिसते.

मिसिसिपीच्या वरच्या टप्प्यात धरणे बांधून पाणी अडवले आहे आणि प्रत्येक धरणाशेजारी जलपाश, म्हणजे गोदीच्या भाषेत लॉकगेट, आहे. दोन दरवाजांमधील हौदात नौका घ्यायची, पाणी वर-खाली करायचे आणि पलीकडच्या पातळीवर तिला सोडायचे. यातील बहुतांश जलपाश १९३० च्या दशकातील, ६०० फूट लांबीचे. आजचा १५ बार्जचा ताफा त्याच्या जवळपास दुप्पट लांब असल्याने तो मध्ये तोडून दोन खेपांत पार करावा लागतो. एक दरवाजा बिघडला, की मैलोगणती नौका खोळंबतात. ओहायो नदीवरील ओल्मस्टेड जलपाशाची कथा तर बोधप्रद आहे. १९२० च्या दशकातील दोन जीर्ण जलपाशांच्या जागी त्याला १९८८ मध्ये मंजुरी मिळाली, अंदाज होता साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरचा. तो सुरू झाला २०१८ मध्ये, आणि खर्च तीन अब्ज डॉलरच्या घरात गेला. श्रीमंत देशालाही जलमार्गाची देखभाल एवढी जड जाते.

कल्याणच्या खाडीत जलपाश नाही. येथे भरती-ओहोटी हाच दरवाजा. सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने तो उघडतो आणि मिटतो. भरलेला बार्ज भरतीबरोबर वर यायचा, माल उतरवायचा आणि पाणी उतरण्यापूर्वी निघायचा. उशीर झाला तर चिखलावर बसून पुढच्या भरतीची वाट पाहायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर, भांगाच्या दिवसांत तुटपुंजे. त्यामुळे महिन्यातील प्रत्येक दिवशी सारखाच माल नेता येत नाही. ठरलेल्या वेळेला कारखान्यात किंवा गोदामात माल हवा असणाऱ्या व्यापाऱ्याला ही अनिश्चितता परवडत नाही.

दुसरी अडचण पुलांची. भाईंदरच्या रेल्वे पुलांपासून घोडबंदर, कशेळी, दिवा-वसई रेल्वेमार्ग, माणकोली-मोठागाव आणि दुर्गाडीपर्यंत ही खाडी अनेक पुलांखालून जाते. ठाणे खाडीकडे वळणाऱ्या चिंचोळ्या फाट्यावर कळव्याचे पूल आहेत. येथे विचित्र पेच आहे. भरतीला तळाशी पुरेसे पाणी असते, तेव्हा पुलाखालची मोकळी उंची सर्वांत कमी; ओहोटीला उंची मिळते, तर पाणी नसते. एकावर एक कंटेनर रचलेला बार्ज या दोन्हींच्या मध्ये सापडतो. नवे पूल बांधताना जलमार्गाची उंची गृहीत धरता येते. जुने पूल मात्र उंच करता येत नाहीत, आणि साखळी तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच भक्कम असते.

कल्याणच्या वर तर वाटच संपते. मोहने येथील बंधारा खाडीचे खारे पाणी अडवतो आणि त्याच्या वरच्या गोड्या पाण्यावर कल्याण-डोंबिवलीची तहान भागते. त्या बंधाऱ्याला जलपाश नाही, आणि पिण्याच्या पाण्याचा विचार करता तो असावा अशी मागणी कोणी करू नये. मग खालीच, खाडीत दरवाजे बांधून पाणी का अडवू नये? त्याचे उत्तर २६ जुलै २००५ च्या महापुराने दिले आहे. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांची सुटका करावी लागली, तेही याच नदीच्या पुरात. जेथे पावसाचे पाणी समुद्राकडे लवकरात लवकर जावे अशी सर्वांची प्रार्थना असते, तेथे आडवे बांधकाम हा आत्मघात ठरेल.

मुंबईची गोदी काय सांगते?

जलपाशाचा अनुभव मात्र आपल्याला परका नाही. मुंबई बंदरातील इंदिरा गोदी १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी या नावाने सुरू झाली. तिचे प्रवेशद्वार म्हणजे सुमारे २२८ मीटर लांबीचा जलपाशच आहे. बाहेर समुद्राची पातळी उधाणाला चार-पाच मीटरने वर-खाली होत असताना आत गोदीतील पाणी जवळपास स्थिर राहते. शंभराहून अधिक वर्षे हे प्रवेशद्वार टिकले, कारण त्याच्यामागे दरवाजे, पंप, गाळ उपसणारी यंत्रे आणि कुशल कामगार यांची कायमची यंत्रणा होती. त्याच बंदरातील १८८० ची प्रिन्सेस आणि १८८८ ची व्हिक्टोरिया गोदी मोठ्या जहाजांच्या काळात मागे पडली आणि कालांतराने बुजवली गेली. बांधकाम तेवढेच भक्कम. पण जहाजाचा आकार बदलला की दरवाजाची रुंदी इतिहासजमा होते.

गंगेवरही तोच धडा मिळाला. हल्दिया ते प्रयागराज या पहिल्या राष्ट्रीय जलमार्गावर फराक्का येथील जुना जलपाश हीच अडवणुकीची जागा ठरली आणि जलमार्ग विकास प्रकल्पात त्याला समांतर नव्या जलपाशाचे काम हाती घ्यावे लागले.

धरमतरला जमले, ते कल्याणला का नाही?

महाराष्ट्रात बार्ज वाहतूक चालतच नाही असे नाही. अंबा नदीचा मार्ग, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०, याचे उत्तम उदाहरण आहे. धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद प्रकल्पाकडे कोळसा आणि लोहखनिज वर्षानुवर्षे बार्जनेच येते. तेथेही भरतीची वाट पाहावी लागते, तेथेही गाळ साचतो. फरक तीन गोष्टींचा आहे. माल एकाच प्रकारचा व प्रचंड प्रमाणात; घेणारा एकच; आणि जेट्टी थेट कारखान्याच्या दाराशी, त्यामुळे ट्रकमध्ये पुन्हा भरण्याचा खर्च नाही. ज्याला माल हवा आहे, त्यालाच मार्ग खोल ठेवण्याची निकड आहे. अर्थात तेथेही जोखीम आहेच. जुलै २०२४ मध्ये अलिबागजवळ भरकटलेल्या बार्जवरील १४ खलाशांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने वाचवावे लागले.

उलट बाजू गोव्यात दिसते. मांडवी आणि जुवारी नद्यांतून खनिज घेऊन मुरगावकडे जाणारे बार्ज ही कित्येक दशके गोव्याची ओळख होती. २०१२ मध्ये खाणबंदी आली, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि ताफ्यातील कित्येक बार्ज नदीकाठी गंजत पडले. नद्या त्याच, पाणी तेवढेच; माल गेला आणि व्यवसाय बसला.

कल्याण-भिवंडीची स्थिती या दोन्हींहून वेगळी आहे. येथे हजारो लहान-मोठ्या व्यापाऱ्यांचा, विविध प्रकारचा आणि तातडीचा माल आहे. न्हावाशेवाहून तो बार्जमध्ये चढवायचा, काल्हेरला उतरवायचा आणि तेथून पुन्हा ट्रकने गोदामात न्यायचा. एवढ्या कमी अंतरात दोनदा हाताळणी केली तर इंधनातील बचत तेथेच संपते. शिवाय ठाणे खाडीची वाट अरुंद आणि उथळ, तिच्या काठी २०१५ मध्ये जाहीर झालेले फ्लेमिंगो अभयारण्य. तर वसईकडून जायचे तर मुंबईला समुद्रातून वळसा, आणि पावसाळ्यात त्या वाटेवर नदीतले बार्ज चालत नाहीत. त्यामुळे सुरुवात कंटेनरने करण्यापेक्षा सिमेंट, खडी, पोलाद, बांधकामाचा राडारोडा अशा जड आणि घाई नसलेल्या मालाने करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. हा माल खाडीच्या दोन्ही तीरांवर आज अहोरात्र डंपरने फिरतो आहे.

वालधुनीचा हिशेब

राहिला प्रश्न गाळाचा, आणि तो विठ्ठलवाडीपासून सुरू होतो. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी असा प्रवास करून कल्याणजवळ खाडीला मिळणारी वालधुनी ही नदी आहे, हे सांगावे लागते, अशी तिची अवस्था आहे. कारखान्यांचे सांडपाणी, मैला, प्लास्टिक आणि भराव यांचे ओझे घेऊन ती खाडीत रिकामी होते. वरच्या बाजूला उल्हास नदीत उन्हाळ्यात मोहने परिसरात जलपर्णीचा गालिचा पसरतो. हा सर्व गाळ-कचरा वर्षाला एकदा उपसला तरी पुढच्या पावसात पुन्हा येणार. म्हणजे वालधुनी स्वच्छ केल्याशिवाय जलमार्ग खोल ठेवणे हे फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे. उपसलेला गाळ रसायनमिश्रित असेल तर तो टाकायचा कोठे, हा आणखी वेगळा प्रश्न.

येथे जबाबदारीचे तुकडे पडतात. राष्ट्रीय जलमार्ग केंद्राच्या अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे, जेट्टी राज्याच्या सागरी मंडळाकडे, नाले आणि सांडपाणी महापालिकांकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कारखाने, वाळू महसूल खात्याकडे आणि पूल रेल्वे, सार्वजनिक बांधकाम व प्राधिकरणांकडे. खोली कमी झाली तर उत्तर कोणी द्यायचे, हे कोठेच स्पष्ट नाही. पैशाचीही तीच गत. वापर वाढावा म्हणून केंद्राने २०२० मध्ये जलमार्ग वापराचे शुल्क तीन वर्षांसाठी माफ केले. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या जलवाहक योजनेत मालवाहतुकीला प्रोत्साहन मिळाले, ते गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या तीन जलमार्गांना. अमेरिकेत बार्जचालकांच्या डिझेलवर कर आकारून जलपाशांच्या निधीत भर टाकली जाते. तो पुरत नाही ही गोष्ट वेगळी. पण निदान वहीखाते आहे.

जेट्टी ही दिसणारी वस्तू आहे. तिचे उद्घाटन होते, कोनशिला बसते. मार्गाची खोली दिसत नाही आणि गाळ काढण्याचे उद्घाटन दरवर्षी करता येत नाही. म्हणूनच कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनी जेट्टी कधी होणार, एवढेच विचारून थांबू नये. खाडीच्या खोलीची मोजणी दरवर्षी होऊन ती जाहीर होणार का, प्रत्येक पुलाखालची उंची भरतीच्या पातळीसह नोंदवली जाणार का, देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद कोणाच्या अंदाजपत्रकात असणार आणि वालधुनीचे पाणी प्रक्रिया करून कधी सोडले जाणार, हे प्रश्न निविदा निघण्यापूर्वी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर जुनी होण्यासाठी येथे जलपाश असण्याचीही गरज पडणार नाही. नव्या जेट्टीच गाळात रुततील आणि ट्रकची रांग शिळफाट्यावर तशीच उभी राहील.